सोसायटीच्या कामांसाठी ट्रेलो वापरायचंय, सुरुवात कुठून करू?

मुलुंडकर_सचिव
नमस्कार मंडळी. एप्रिलपासून आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालोय. मुलुंड पूर्व, दोन विंग, ५६ फ्लॅट, बिल्डिंग १९९१ ची. कमिटीत कागदावर ११ जण, प्रत्यक्ष धावपळ करणारे सहा-सात. सगळा कारभार व्हॉट्सॅप ग्रुपवर. कोणीतरी लिहितं 'बी विंगच्या जिन्यातली ट्यूब गेलीय', त्यावर चार अंगठे येतात, मग कोणाच्या नातीचा वाढदिवस, मग उद्या पाणी कमी दाबाने येणार का यावर वीस मेसेज, आणि ट्यूब तशीच राहते कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने इलेक्ट्रिशियनला सांगितलं असेल. लोक आळशी नाहीयेत हो, मनापासून करणारी माणसं आहेत, पण कुठलं काम कोणाकडे आहे आणि कुठवर आलंय हे एका ठिकाणी कोणालाच दिसत नाही.

ऑफिसातल्या एका मुलीने ट्रेलो हे कामं लिहून त्यांचा माग ठेवायचं अॅप बघा म्हणून सांगितलं. अकाउंट उघडलं, बोर्ड तयार केला, आणि आता समोर सगळं कोरं. लिस्ट किती करायच्या, विंगप्रमाणे की कामाप्रमाणे की माणसाप्रमाणे? पावसाळा तोंडावर आलाय, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाक्या साफ करणं, फांद्या छाटणं, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), सगळं एकदम अंगावर आहे. कोणी वापरत असाल तर प्लीज सांगा. आणि कमिटीत सत्तरीचे दोन काका आहेत, त्यांना बाजूला न टाकता करायचंय.

पार्किंग_नं_१२
सचिवसाहेब, आधी अभिनंदन, हल्ली सेक्रेटरी व्हायला कोणी तयार होत नाही. मी गोरेगावला आमच्या सोसायटीत हेच चालवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंगप्रमाणे लिस्ट नको, माणसाप्रमाणे तर अजिबात नको. बोर्डवरचा उभा रकाना म्हणजे लिस्ट, त्यातली एका कामाची चिठ्ठी म्हणजे कार्ड, आणि लिस्टने दाखवायची ती कामाची अवस्था. कार्ड डावीकडून निघतं आणि उजवीकडे सरकत जातं, आणि सरकलं नाही की डोळ्यात खुपतं, एवढ्यासाठीच हा खटाटोप. विंग कुठली, खर्च मोठा की छोटा, अर्जंट आहे का, हे सगळं नंतर रंगीत लेबल लावून दाखवता येतं. माणसांच्या नावाने लिस्ट केल्या की दर मीटिंगला कोणाच्या नावाखाली किती साचलंय याचीच चर्चा होते आणि मग हळूहळू कोणी बोर्ड उघडतच नाही.

तर चार लिस्ट करा. करायचंय, चालू आहे, अडलंय, झालं. सगळीकडे तीनच शिकवतात, पण सोसायटीला चौथी लागतेच. विचार करा ना, आपल्या कामात स्वतः करायचं किती असतं? कोटेशनची वाट, प्लंबरची वाट, चेअरमनच्या सहीची वाट, वॉर्ड ऑफिसचा माणूस बघायला येण्याची वाट. काम चालू आहे असं आपण म्हणतो पण खरं ते कोणासाठी तरी थांबलेलं असतं. ते वेगळं दिसलं पाहिजे. माझ्या मते बोर्ड कामं लिहून ठेवायला नसतोच, त्याला वही पुरते. थांबलेली कामं थांबलेली दिसावीत म्हणून बोर्ड.

'अडलंय' मध्ये कार्ड टाकताना एक नियम पाळा, कोणासाठी अडलंय आणि त्याला परत कधी विचारायचं हे दोन्ही लिहिल्याशिवाय कार्ड तिकडे न्यायचं नाही. नाव कॉमेंटमध्ये, तारीख ड्यू डेटमध्ये.

आणि पहिल्या आठवड्यात बॅकग्राउंडचे फोटो, स्टिकर, पॉवर-अप (जोडायच्या जादा सोयी), ऑटोमेशन (आपोआप चालणारे नियम) यातल्या कशालाही हात लावू नका. त्यात खूप वेळ जातो आणि कामं तिथेच राहतात.

मुलुंडकर_सचिव
वा, चौथी लिस्ट पटली. एक शंका, एका कार्डात किती काम घालायचं? म्हणजे 'वॉटरप्रूफिंग' हे एक कार्ड की त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं वेगळं?

पार्किंग_नं_१२
एका माणसाच्या नावावर देता येईल आणि झालं की नाही हे वाद न होता सांगता येईल एवढं एक कार्ड. 'वॉटरप्रूफिंग' हे कार्डाचं नाव चालणार नाही, तो विषय झाला. 'बी विंग गच्ची: तीन कोटेशन मागवणे' हे कार्ड. नावात क्रियापद आलं पाहिजे, करणे, मागवणे, विचारणे, बोलावणे. 'लीकेज' असं कार्ड मी बघितलंय, त्याला हात कोण लावणार? त्याऐवजी '३०२ च्या छताला ओल: वरच्या ४०२ च्या बाथरूमची प्लंबरकडून टेस्ट करून घेणे' असं लिहिलं की वाचणाऱ्याला उठून फोन करता येतो.

बारीकसारीक पायऱ्या असतील तर कार्डाच्या आत चेकलिस्ट करा. त्यातली एखादी पायरी पुढे मोठी झाली तर तिथूनच तिचं वेगळं कार्ड करता येतं, तशी सोय आहे.

एसी_लोकल
आयटीत आहे, रोज जिरा (ऑफिसांतलं कामं-तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर) आणि ट्रेलो दोन्ही बघतो, थोडी माहिती माझ्याकडून. ट्रेलो २०११ मध्ये फॉग क्रीक सॉफ्टवेअर नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीने काढलं, २०१४ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली आणि २०१७ मध्ये जिरावाल्या अॅटलासियनने ४२.५ कोटी डॉलरला विकत घेतली.

फुकट प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला (एका गटाच्या बोर्डांची जागा) १० बोर्ड आणि १० कोलॅबोरेटर, म्हणजे सोबत वापरणारी माणसं, एक फाइल १० एमबीपर्यंत. कार्ड कितीही. आता तुमची कमिटी ११ ची आहे म्हणजे एक माणूस जास्त होतोय, पण मुळात सगळ्यांना लॉगिन द्यायची गरज नाही, जे कार्ड उचलणार आहेत त्यांनाच द्या. फोनवरून काढलेले फोटो १० एमबीत आरामात बसतात, गळतीचा व्हिडिओ मात्र बसेलच असं नाही, तो ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

कॉम्प्युटरवर वापरत असाल तर दोन-तीन की लक्षात ठेवा. एन दाबलं की नवीन कार्ड, क्यू दाबलं की फक्त माझ्या नावावरची कार्डं, कार्डावर कर्सर ठेवून स्पेस दाबलं की कार्ड माझ्या नावावर. क्यू फार कामाचं आहे, कमिटी मेंबरला पूर्ण बोर्ड बघून दडपण येतं, त्याला त्याचीच तीन कार्डं दाखवा.

दुसरा_मजला
मला एक कळत नाही, यात आणि गुगल शीटमध्ये फरक काय? आमच्याकडे शीट आहे, काम, जबाबदारी, तारीख, स्टेटस असे कॉलम आहेत. फुकट आहे आणि सगळ्यांना येतं. नवीन अॅप कशाला शिकवायचं लोकांना?

पार्किंग_नं_१२
शीट नीट चालत असेल तर मुळीच बदलू नका, मनापासून सांगतोय. पण तुमच्या शीटमध्ये स्टेटसच्या रकान्यात 'इन प्रोग्रेस' किती ओळींना आहे ते एकदा बघा. आमच्याकडे सगळ्यांनाच तेच होतं. शीटमध्ये वीस ओळी आणि साठ ओळी बघताना सारख्याच वाटतात, खाली स्क्रोल करायचं एवढंच. बोर्डवर मधली लिस्ट खालपर्यंत लोंबायला लागली की मीटिंगमध्ये कोणीतरी बोलतंच. आणि एका कामाबद्दलचे फोटो, कोटेशनची पीडीएफ, कोण कधी काय बोललं हे सगळं त्या कार्डाच्या पोटात राहतं, शीटच्या एका चौकोनात ते मावत नाही.

दुसरा_मजला
बघितलं. ४१ ओळी आणि २६ ला इन प्रोग्रेस. बरं, पुढे लिहा, वाचतोय.

वर्कशॉप_रिटायर्ड
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आयुष्यभर कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होतो, ठाण्याच्या पट्ट्यात. तुम्ही ज्याला बोर्ड म्हणताय त्याचं मूळ जपानात टोयोटाच्या शॉपफ्लोअरवर आहे. ताइइची ओनो म्हणून इंजिनियर होते, त्यांनी अमेरिकन सुपरमार्केटची पद्धत ऐकून डोकं चालवलं. तिथे गिऱ्हाइकाने फळीवरून माल उचलला की तेवढाच परत भरतात, आधीच ढीग लावत नाहीत. १९५३ च्या सुमारास त्यांनी मशीन शॉपमध्ये कार्डांची पद्धत लावली, तिला कानबान म्हणतात. पुढच्या माणसाने पार्ट उचलला की त्याचं कार्ड मागे जायचं, आणि कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवीन पार्ट बनवायचा नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही पद्धत खूप उशिरा, २००० नंतर उचलली.

हे अशासाठी सांगतोय की कार्ड काम आठवायला नव्हतं, काम थांबवायला होतं. फिरती कार्डं मोजकी, म्हणजे अर्धवट माल मोजका. तुमच्या बोर्डवर 'चालू आहे' मध्ये कितीही कार्डं घालायची मुभा असेल तर ती नुसती रंगीत यादी झाली. आकडा ठरवा. सहा माणसं धावपळ करणारी, तर 'चालू आहे' मध्ये सहा, फार तर सात कार्डं. आठवं आलं तर आधी एक संपवा.

एसी_लोकल
काकांना +१. हाच नियम आम्ही ऑफिसात पाळतो, लिमिट लिस्टच्या नावातच लिहून ठेवतो, 'चालू आहे, जास्तीत जास्त ६'. वेगळी पॉवर-अप लागत नाही.

मुलुंडकर_सचिव
काका, लिमिटचं तत्त्व समजलं पण कमिटीत सांगितलं तर लोक म्हणतील कामं इतकी आहेत आणि तुम्ही सहाच करा म्हणताय. आमच्याकडे प्रत्येक मेंबरला त्याचं काम आजच सुरू झालेलं हवं असतं.

वर्कशॉप_रिटायर्ड
त्यांना हिशोब सांगा. एमआयटीचे जॉन लिटल, त्यांनी १९६१ मध्ये एक नियम गणिताने सिद्ध केला, आमच्या लाइनीत सगळ्यांना पाठ असतो. एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात घेतलेली कामं भागिले दर महिन्याला संपणारी कामं. समजा तुमची कमिटी महिन्याला सरासरी चार कामं संपवते. २४ कामं एकदम सुरू करून ठेवली तर एक काम सुरू झाल्यापासून संपायला सरासरी सहा महिने. आठच हातात घेतली तर दोन महिने. माणसं तीच, महिन्याला संपणारी कामंही तीच चार. ही सरासरी आहे, एखादं काम लवकर होईल एखादं रेंगाळेल, पण मेंबरला तुम्ही 'सुरू केलंय' म्हणून जे सांगता त्याला अर्थ येतो. 'करायचंय' मध्ये त्याचं कार्ड दिसतंय, वरून तिसरं आहे, हे सांगणं जास्त प्रामाणिक.

जिन्यातली_ताई
काका काय सुंदर समजावलंत!

गिरगावची_फराळवाली
मी सोसायटीवाली नाही पण बोर्डवाली आहे म्हणून मध्ये बोलते. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, मी, वहिनी आणि मदतीला तीन बायका. आमचा बोर्ड स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर आहे, पांढरा लोखंडी, लोहचुंबकवाला. सुरुवातीला चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण ऑक्टोबरची दमट हवा आणि वर तळणाची वाफ, सकाळी यावं तर निम्म्या चिठ्ठ्या जमिनीवर. आता जाड कागदाच्या पट्ट्या आणि लोहचुंबक.

आमचे रकाने म्हणजे ऑर्डर आली, अर्धे पैसे आले, तयारी, तळण-भाजण, पॅकिंग, गेली. वरचे काका म्हणतायत ना लिमिट, ते आमच्याकडे आपोआपच आहे, कारण शेगड्या दोनच. चकलीचं तळण एका शेगडीवर, दुसरीवर शेव नाहीतर करंज्या, म्हणून तळणाच्या रकान्यात दोनच पट्ट्या राहतात. आधी आम्ही सगळ्यांच्या भाजण्या एकदम भिजवून ठेवायचो आणि मग रात्री दीडपर्यंत तळण. आता तळणाची जागा रिकामी झाली की पुढची भाजणी भिजवायची. माल ताजा जातो आणि वहिनी वेळेवर घरी जातात.

तर सचिव, तुमच्या सोसायटीला ऑफिसची खोली असेल तर आधी महिनाभर भिंतीवर करून बघा ना. सत्तरीच्या काकांना अॅप शिकवायची गरजच पडणार नाही, उलट तेच रोज येऊन पट्ट्या हलवतील.

मुलुंडकर_सचिव
ताई, ही आयडिया जबरदस्त आहे. ऑफिस आहे तळमजल्यावर आणि एक काका रोज संध्याकाळी तिथे बसतातच. दोन्ही ठेवले तर? भिंतीवर आणि ट्रेलोवर?

पार्किंग_नं_१२
दोन्ही पूर्ण ठेवू नका, एक खरं आणि एक मागे पडतं. ट्रेलो खरं धरा कारण बाकीचे ऑफिसातून, लोकलमधून बघणार. भिंतीवर फक्त 'अडलंय' ही एक लिस्ट लिहा, काकांच्या हाताने. आणि त्यातली फोन करायची कामं काकांना द्या. ज्येष्ठ माणसाने कॉन्ट्रॅक्टरला फोन केला की तो जरा अदबीने बोलतो, हा माझा पक्का अनुभव आहे, आणि त्यांच्याकडे पाठपुरावा करायला वेळ असतो जो आपल्याकडे नसतो.

ज्यांना अॅप नको त्यांनी ईमेल केला तरी चालतं. बोर्डावरच्या प्रत्येक मेंबरला त्या बोर्डासाठी एक ईमेल पत्ता मिळतो, त्यावर मेल पाठवला की विषयाची ओळ कार्डाचं नाव होते आणि खालचा मजकूर कार्डात जातो.

ऑडिट_पॅरा
सोसायट्यांची कामं बघते म्हणून एक महत्त्वाची भर. वर सगळे तक्रारींच्या कार्डांबद्दल बोलतायत, पण सोसायटीची निम्मी कामं दरवर्षी त्याच तारखांना येतात आणि तीच राहून जातात. ती आत्ताच कार्डं करून तारखा टाकून ठेवा. हिशोबांचं ऑडिट ३१ जुलैपर्यंत. एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) ३० सप्टेंबरच्या आत, आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, म्हणजे नोटिशीचं कार्ड वेगळं हवं, एजीएमच्या कार्डात दडवू नका. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै, लायसन्सवाल्या एजन्सीकडून. लिफ्टची तपासणी. इन्शुरन्सचं रिन्यूअल.

आणि तुमची बिल्डिंग १९९१ ची आहे ना? मग ३० वर्षं उलटली. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा. मागचं कधी झालं ते आजच शोधा. खरं सांगायचं तर मी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या आधी ते कार्ड वर घेतलं असतं, कारण ऑडिटमध्ये स्लॅबची दुरुस्ती निघाली तर नवीन वॉटरप्रूफिंग फोडावं लागेल.

आणि फांद्या छाटायच्या असतील तर आवारातल्या झाडांनाही पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, सरळ माणूस बोलावून छाटू नका. ते कार्ड पहिल्या दिवशीच 'अडलंय' मध्ये जाणार हे धरून चाला.

एसी_लोकल
ताईंनी सांगितलेल्या ठरलेल्या कामांसाठी आता ऑटोमेशन वापरायला हरकत नाही. बोर्डवरच ऑटोमेशन म्हणून आहे, त्यात शेड्यूलचा नियम लावायचा, अमुक तारखेला अमुक नावाचं कार्ड 'करायचंय' मध्ये सगळ्यात वर तयार कर. फुकट प्लॅनला महिन्याला २५० रन मिळतात, सोसायटीला ते पुरून उरतील.

विक्रोळी_ईस्ट
कोणी अजून प्रायव्हसीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. बोर्ड बनवताना व्हिजिबिलिटी विचारतं, ती प्रायव्हेट किंवा वर्कस्पेसपुरतीच ठेवा, पब्लिक कधीही करू नका. पब्लिक बोर्ड लिंकशिवायही गुगलवर सापडू शकतात. मोठमोठ्या कंपन्यांचे पासवर्ड असे उघडे सापडलेत. आणि २०२४ च्या जानेवारीत दीड कोटीच्या आसपास ट्रेलो खात्यांची नावं आणि ईमेल बाहेर आले होते, एका उघड्या राहिलेल्या तांत्रिक वाटेतून. पासवर्ड गेले नव्हते पण तरी दोन टप्प्यांचं लॉगिन लावून घ्या.

मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं, भाडेकरूंचे करार, आधारच्या कॉपी, कोणाचं आजारपण, हे बोर्डवर येता कामा नये. '५०४ ची थकबाकी' असं कार्डच करायचं नाही. ते खजिनदाराच्या फाइलमध्ये राहू दे. मेंबर एकमेकांचे शेजारी असतात, आयुष्यभर एकाच लिफ्टने जायचं असतं.

जिन्यातली_ताई
हे शेवटचं फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे नोटीस बोर्डवर थकबाकीदारांची नावं लावली होती, त्यानंतर दोन घरं आपसात बोलत नाहीत.

दुसरा_मजला
ट्रेलोच का पण? दुसरं काही?

एसी_लोकल
काहीही चालेल, पद्धत तीच. ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट असेल तर प्लॅनर आहे, नोशन अॅपमध्ये बोर्ड व्ह्यू आहे, आसना अॅपमध्येही आहे. आपला डेटा आपल्या मशीनवर हवा असेल तर वेकान किंवा कॅनबोर्ड, दोन्ही ओपन सोर्स, पण ते चालवायला कोणीतरी जाणकार लागतो, सोसायटीसाठी मी सुचवणार नाही. जिरा तर नकोच, तिथे एक तक्रार नोंदवायला इतके रकाने भरावे लागतात की लोक परत व्हॉट्सॅपवर जातील.

मुलुंडकर_सचिव
मंडळी, रविवारी बसून बोर्ड लावला आणि काल कमिटी मीटिंगमध्ये टीव्हीवर दाखवला. रिपोर्ट देतो.

ग्रुपवरचे जुने मेसेज, मागच्या सेक्रेटरींची वही आणि लोकांच्या डोक्यातलं, सगळं मिळून कार्डं केली. आधी सगळी 'करायचंय' मध्ये टाकली आणि मग एकेक वाचून विचारलं, हे आत्ता खरंच कोणी करतंय का? 'चालू आहे' मध्ये चारच राहिली! निम्म्याहून जास्त कार्डं 'अडलंय' मध्ये गेली. खोलीत एकदम शांतता, मग खजिनदार ताई म्हणाल्या, अहो यातली पाच कार्डं एकाच गोष्टीसाठी अडलीयेत. बघतो तर खरंच. गच्ची, पंप बदलणं, कंपाउंड वॉल, सीसीटीव्ही आणि पेव्हर ब्लॉक, पाचही खर्चाला जनरल बॉडीची मंजुरी हवी आणि ती कोणी मागितलेलीच नाही. प्रत्येक जण आपापल्या कॉन्ट्रॅक्टरला 'लवकरच कळवतो' सांगत बसला होता. आता एकच कार्ड केलंय, 'स्पेशल जनरल मीटिंगची नोटीस काढणे', माझ्या नावावर, आणि ती पाच कार्डं त्याला जोडलीयेत. ऑडिट पॅरा ताईंचं ऐकून स्ट्रक्चरल ऑडिट सगळ्यात वर. जुना रिपोर्ट कपाटात सापडला, २०१९ चा, म्हणजे मुदत कधीच उलटून गेलीय. इंजिनियरला बोलावणं हे 'चालू आहे' मधलं पहिलं कार्ड.

नमुन्याला एक कार्ड जसंच्या तसं टाकतो, बरोबर आहे का सांगा. नाव: 'ए विंग टेरेस टाकी: बॉलकॉक बदलून घेणे, पाणी वाहून जातंय'. मेंबर: मी. लेबल: ए विंग, पाणी. फोटो दोन. चेकलिस्ट: माप घेणे, नवीन आणणे, प्लंबरची वेळ ठरवणे, सकाळचं पाणी भरून झाल्यावर बसवणे, दुसऱ्या दिवशी ओव्हरफ्लो बघणे. कॉमेंट: 'प्लंबर गावी गेलाय, गुरुवारी येणार, शुक्रवारी सकाळी वॉचमनला आठवण'. लिस्ट: अडलंय. ड्यू डेट: शुक्रवार.

पार्किंग_नं_१२
उत्तम! चेकलिस्टमधली शेवटची ओळ बघून बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी ओव्हरफ्लो बघणे. बसवलं म्हणजे झालं असं नाही, पाणी थांबलं म्हणजे झालं. कार्ड 'झालं' मध्ये कोणी न्यायचं तेही ठरवून टाका. आमच्याकडे ज्याने तक्रार केली त्याला विचारून मगच नेतात.

वर्कशॉप_रिटायर्ड
पाच कामं एका मंजुरीसाठी अडलेली सापडली, याला आम्ही अडणीची जागा म्हणायचो. तिथे जोर लावला की पाच कामं एकदम सुटतात. इतरत्र कितीही घाम गाळा, काही हलत नाही. खजिनदार ताईंना माझा नमस्कार सांगा.

मुलुंडकर_सचिव
नक्की सांगतो काका. अजून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. झालेली कार्डं काढून टाकायची की ठेवायची, लिस्ट लांबत चाललीय. आणि आठवड्याला बोर्ड कधी बघायचा? मीटिंग महिन्यातून एकदाच असते.

पार्किंग_नं_१२
डिलीट कधीच करू नका, डिलीट केलेलं परत येत नाही. आर्काइव्ह करा, ते शोधून परत काढता येतं. पुढच्या वर्षी पंप बिघडला की मागच्या वेळी कोणी दुरुस्त केला, किती घेतले, गॅरंटी होती का, हे सगळं त्या कार्डात मिळतं, ऑडिटला सुद्धा उपयोगी पडतं. पण एजीएमपर्यंत 'झालं' लिस्ट तशीच राहू दे. मेंबर विचारतात ना कमिटीने वर्षभर केलं काय, तेव्हा प्रोजेक्टरवर तीच दाखवायची.

आठवड्याला एकदा, वेळ ठरलेली, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उजवीकडून डावीकडे वाचायचं, म्हणजे आधी 'अडलंय', मग 'चालू आहे', सगळ्यात शेवटी 'करायचंय'. डावीकडून सुरू केलं की लोक नवीन कामंच सुचवत बसतात आणि अडलेल्यांपर्यंत पोचेपर्यंत वेळ संपतो. आम्ही शनिवारी रात्री फोनवर करतो, आणि झाल्यावर 'अडलंय' चा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो, त्यामुळे मेंबरांचे 'माझ्या कामाचं काय झालं' हे मेसेज खूप कमी झाले.

ऑडिट_पॅरा
एक राहिलंच. हा बोर्ड कोणाच्या ईमेलवर उघडलाय? तुमच्या पर्सनल असेल तर आत्ताच बदला. कमिटी बदलते, माणसं फ्लॅट विकून जातात, आणि सगळा इतिहास त्यांच्याबरोबर जातो. सोसायटीच्या नावाचा एक ईमेल काढा, तो बोर्डाचा अॅडमिन करा, आणि अजून एक माणूस अॅडमिन ठेवा. पासवर्ड बंद पाकिटात सोसायटीच्या कपाटात.

मुलुंडकर_सचिव
ताई, माझ्याच जीमेलवर होता. आत्ता सोसायटीचा ईमेल अॅडमिन केला, दुसऱ्या अॅडमिन खजिनदार ताई. फॉर्म बी चं कार्ड १ जानेवारी आणि १ जुलैला आपोआप येईल असा नियम पण लावला. भिंतीवरच्या 'अडलंय' साठी लोखंडी बोर्ड उद्या मुलुंड स्टेशनजवळून आणतोय, काकांनी त्यासाठी खडू नको मार्कर हवा अशी ऑर्डर दिलीय. स्पेशल मीटिंग झाली की गच्चीच्या कार्डाचं काय झालं ते इथेच लिहितो.

गिरगावची_फराळवाली
सचिव, लोहचुंबक गोल बारके घेऊ नका, पंख्याच्या वाऱ्याने पट्टी फिरते. लांब पट्टीवाले मिळतात ते घ्या.